सूचक, अनुमोदक

वारिंजल शायरचं दफ्तर म्हणजे
सत्तावीस वह्या, एक लोखंडी शिक्का,
आणि कुत्र्यांच्या पितळी बिल्ल्यांचा डबा.
शहरातून ट्रक आला होता. अर्धा रिकामाच परत गेला.

पहिल्या वहीतलं अक्षर ट्रेवेलाचं, कित्त्यातून उचलल्यासारखं.
साल त्र्याऐंशी, शतक मागचं,
हॉटेलच्या मागची खोली, सात जण :
सहा मेंढ्यांचे मालक, एक लोहार.
ठराव पहिला : टेबल घ्यावं.
सूचक पोलनर. अनुमोदक लोहार,
कारण पाय त्यालाच बसवायचे होते.

ठराव दुसरा : नाव.
ओढ्याकाठच्या कुणालातरी विचारलं.
कुणाला, याची नोंद नाही.
तो जे म्हणाला
ते मोजणीदाराच्या कानाला 'वारिंजल' वाटलं.
शब्दाचा अर्थ विचारायचा राहिला.
त्या माणसांचा पुढचा उल्लेख एकोणिसाव्या पानावर :
घोंगड्या, नग बारा, सरकारखर्चाने.
मग नाहीच.

नंतर रस्ते. नुसते रस्ते.
आणि ससे. सशांचं बीळ बुजवलं नाही तर दंड.
काटेरी गवताचा निरीक्षक हवा, घोडी स्वतःची आणावी.
स्मशानाला फाटक हवं, गाई आत शिरतात.

सोळा साली वहीत मधेच अक्षर बदलतं.
कारकून फ्रान्सला गेला, तिथेच राहिला, मातीत.
त्याच्या जागी हेस्टर लिंडनर, 'तात्पुरती'.
एकोणीस वर्षं ती तात्पुरती होती.
पगाराच्या रकान्यात दर जूनला तोच आकडा,
आणि एकदाच, समासात, पेन्सिलीने, उलटं चिन्ह :
प्रश्नाचं असावं.

चव्वेचाळीसची वही उघडली की कुरकुरते.
त्या वर्षी गव्हाची शेतं उठून
समुद्राकडे चालती झाली होती;
थोडी वाटेत बैठकीला थांबली.

मी आले त्रेसष्टमध्ये.
तोवर पोलनर मार्गावर पोलनर उरला नव्हता,
शाळेत मुलं नऊ, आणि त्यातली चार एकाच घरची.
तरी आम्ही खड्डे भरत होतो.
डग स्कीन ग्रेडर चालवायचा, हद्दीच्या खांबापाशी
पातं उचलून वळायचा.
पलीकडचा हातभर रस्ता खरवडला तर
त्याला चोरी केल्यासारखं वाटे.

चौऱ्याण्णवमध्ये पत्र आलं. गुळगुळीत कागद.
'कार्यक्षमता' हा शब्द अकरा वेळा. मोजला मी,
तीस वर्षं मोजण्याचाच पगार घेतला होता.
चार शायर मिळून एक. त्याचं नाव
कुण्या ओढ्याला विचारावं लागलं नाही.

शेवटची बैठक. पाच जण, एक हीटर.
आभार झाले. बिस्किटं झाली.
लायल पोलनर, मेलबर्नहून खास आलेला, पाहुणा म्हणून,
म्हणाला, "आणि हे टेबल?"
सूचक कुणी नाही.
सूचक नाही तर ठराव नाही, ठराव नाही तर
हलवायचं कसं?
आता त्यावर गुरुवारी पत्ते चालतात.
एक पाय अजूनही आखूड.

डग निवृत्त झाला. नवीन पोरगा
हद्द ओळखत नाही, सरळ जातो,
रस्ता खरंच चांगला झालाय. तेही लिहायला हवं.

राहता राहिला हिशेब.
बिल्ले शंभर आले, वाटले सदुसष्ट,
परत केले बत्तीस.
शेरा माझ्या अक्षरात : एक गहाळ.
कुत्रा मी कधी पाळला नाही.
किल्ल्यांच्या जुडग्यात तो वाजतो
दार उघडताना.