डोंगराऐवजी

पहाटे पाचला इशबेलनं खिडकीबाहेर हात काढला,
आत घेतला, विजारीला पुसला
आणि नकाशाची घडी उलटी घातली.
"आज माथा नाही."

दोन महिने या माथ्यासाठी घाम गाळलेला.
मी टपाल वाटते, मला चढ नवे नाहीत;
पण फर्गस बेकरीतला, तो पिठाचं पोतं पाठीवर घेऊन
गावातली चढण तुडवायचा रोज रात्री,
कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती.
तो काहीच बोलला नाही.
बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

वर कड्यावर वारा असा
की धबधबा खाली पोचेना,
अर्ध्यातूनच उठायचा, माघारी डोंगरावर जायचा.
त्या डोंगराचं गेलिक नाव
म्हाताऱ्या टॉर्क्विलच्याच तोंडात नीट बसतं.
आम्ही नुसतं "तो" म्हणतो.

"मग आता?" रॉरी. वय अठरा, टोपी नवी.
"धुक्यात जे लागतं ते शिकायचं," इशबेल म्हणाली,
"धुकं आयतं दारात आलंय."

मेंढ्यांच्या दगडी कोंडवाड्यापाशी उभं केलं आम्हाला,
हातात होकायंत्र, नाकावर पाणी.
शंभर मीटर. डाव्या पायाची पावलं मोजायची.
माझी बासष्ट. फर्गसची सत्तर.
रॉरीची सत्तेचाळीस, कारण तो पळत होता.
"प्रत्येकाचं शंभर वेगळं," नाक शिंकरत इशबेल म्हणाली,
"आपलं आपल्याला ठाऊक हवं."
मी लिहून घेतलं, पेन्सिलीनं.
या मुलखात शाईवर कोण विसंबतं!

दुपारी टॉर्क्विलच्या कोठारात दोर.
तुळईवरून एकेकानं खाली उतरायचं,
बारा फूट, सुक्या गवतावर.
टॉर्क्विल दारात चहा पीत उभा.
"शिखर सर झालं वाटतं," म्हणाला, आणि गेला.

मग स्ट्रेचर. जखमी म्हणून खाद्याचं पोतं,
रॉरीनं त्याचं नाव ठेवलं हेक्टर.
हेक्टरची मांडी मोडलेली, हेक्टरला थंडी वाजतेय,
हेक्टरशी बोलत राहा, इशबेल सांगत होती,
त्याला झोपू देऊ नका.
आम्ही हसत होतो, तेवढ्यात टॉर्क्विल परत आला.
या खेपेला हातात कप नव्हता.

ओढा फुगलेला. एक मेंढी
दगडांच्या बेचक्यात, मानेपर्यंत पाण्यात.
कोंडवाड्यापासून सरळ उत्तरेला तीनशे मीटर,
आणि तीन हातांपलीकडे काही दिसत नव्हतं.

बासष्ट त्रिक एकशे शहाऐंशी.
मी पुढे, ओठांत आकडे.
एकशे ऐंशीला मला वाटलं चुकले.
एकशे ब्याऐंशीला ती ओरडली.

दोर तोच, गाठ तीच, सकाळपासून दहादा मारलेली,
तरी बोटं परक्याची झाली होती.
इशबेलनं गाठ ओढून पाहिली. दोनदा.
फर्गस पाण्यात उतरला,
रोज पहाटे कणीक तिंबणारे दोन हात
लोकरीत कोपरापर्यंत गेले,
टॉर्क्विल काठावरून गेलिकमध्ये शिव्या देत होता,
ओढ्याला की मेंढीला, कळेना.

हेक्टरच्या जागी ती आली.
ओली लोकर, दगडासारखी जड.
चौघांनी उचलली, पाचवा वाट धरून पुढे.
रॉरी तिच्याशी बोलत राहिला वाटभर,
कुणी सांगितलं नव्हतं.
ती मात्र माझ्याकडे बघत होती,
कुणाचं तरी पार्सल
भलत्याच घरी देणाऱ्या बाईकडे बघावं तशी.

सात वाजता ढग फाटला.
"तो" दिसला, पाच मिनिटं, खांद्यावर नवा बर्फ घेऊन.
फर्गस मोजे पिळत होता.
वर पाहिलं, "आहे जागेवर," म्हणाला,
आणि दुसरा मोजा घेतला.

उद्याही वारा असाच, म्हणे.
रॉरीनं हेक्टरला चुलीजवळ आणलं,
भिंतीला टेकवून नीट बसवलं
आणि वर घोंगडं टाकलं.