चार दिवसांचा कागद

नेगोम्बोत रात्री साडेदहाला
सुकत घातलेल्या मासळीचा वास खिडकीतून आत येतो
आणि फोन वाजतो.
एस्टोनियाहून मार्यू विचारते,
चार दिवसांत काय काय होईल?

तिच्या यादीत अकरा ठिकाणं.
सिगिरियाचा खडक, दंबुल्लाची लेणी, कँडीचं दंतमंदिर,
चहाचे मळे, नऊ कमानींचा पूल, देवमासे,
बिबट्या, शक्य असल्यास जवळून.
बेट ते केवढंसं, नकाशावर आंब्याच्या कोयीएवढं,
तिनं पट्टी लावून मोजलंयसुद्धा.

मी सचिनीच्या जुन्या गणिताच्या वहीत
मागच्या पानावर चौकटी आखते.
लिहिते, बाई, पट्टीला घाट दिसत नाहीत.
शंभर किलोमीटरला तीन तास धरा,
हत्ती आडवा आला तर त्याचे वेगळे.
मग एकेक नाव काढत जाते,
तांदळातले खडे निवडावेत तशी,
फक्त इथे खडेही तांदळाइतकेच पांढरे.
देवमासे गेले. बिबट्या गेला.
पुलापाशी जरा थांबले.
तोही गेला.

तिकडून बराच वेळ काही येत नाही.
मग येतं : इथे उणे अठरा आहे,
तॉनिस दारातला बर्फ ओढतोय,
आणि आईनं उन्हाळी चपला काढून
आत्तापासून हीटरपाशी ठेवल्यात.
आईही येणार. वय एक्काहत्तर. गुडघा एक.
म्हणजे चांगला एक.
पायऱ्या किती? कठडा आहे का?

सुनिमल जेवतोय. त्याला विचारते.
बाराशे, म्हणतो. लोक म्हणतात.
लोक म्हणतात म्हणजे?
एकतीस वेळा गेलायस तू.
तो भातात डाळ कालवत राहतो.
पार्किंगपर्यंत गेलोय, म्हणतो.
सीट मागे, पाय डॅशबोर्डवर.
गाडी सोडून कोण जाईल?

म्हणजे या घरात खडक चढलेलं कुणीच नाही!
आणि मी एकतीस कुटुंबांना बजावलंय
की सातच्या आत चढायला लागा,
गांधीलमाश्यांच्या पोळ्यांखाली हळू बोला,
वर टोपी धरून ठेवा, वारा फार.
मला वारा कुठून माहीत?
ते परत गेल्यावर फोटो पाठवतात त्यातून.
सगळ्यांचे केस एकाच बाजूला.

मार्यूला लिहिते : कठडा आहे.
सिंहाच्या पंजांपाशी आईला बसवा, तिथवर पुष्कळ झालं.
वरचं तुम्ही खाली येऊन तिला सांगा.

ती विचारते, आणि तुमच्या आवडीचं एखादं ठिकाण?
तेही घाला की.

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.
मी वहीत बघते.
पहिला दिवस, सव्वाअकरा, गालेवेला, दही, वीस मिनिटं.
कुणाच्याच यादीत नसतं ते. माझ्या प्रत्येक कागदावर असतं.
पत्र्याचं छप्पर, फळीवर मडकी,
आणि फळीमागे माझी थोरली बहीण सोमलता.
अप्पांच्या नारळाच्या बागेवरून
आठ वर्षं आमचं बोलणं नाही.
पण गाडी परतते तेव्हा मागच्या सीटखाली एक मडकं असतं,
तोंडाला कागद, सुतळीची गाठ तिच्याच हातची,
साय इतरांपेक्षा जाड.
पुढच्या फेरीला मी ते घासून परत पाठवते.
निरोप काही नाही. सुनिमललाही सवय झालीय.

पाहुणे तिथे किथुलचा पाक ओतून दही खातात,
चमचे चाटतात, फोटो काढतात.
कुठल्याशा जर्मन मुलाच्या खांद्याआडून
ती अर्धीमुर्धी दिसते.
गेल्या मे महिन्यात चष्मा लागलेला दिसला.

मार्यूला लिहिते :
आहे एक. दही चांगलं मिळतं.
फोटो काढाल तेव्हा
दुकानवाल्या बाईला पूर्ण येऊ द्या,
कडेला कापू नका.

आणि हो, आईच्या चपला राहू देत,
पातळ मोजे आणा.
देवळात अनवाणी जावं लागतं,
दुपारी फरशी फार तापते.