चपला आत घ्या

रुवीत, उघड्या टेकडीला पाठ लावून उभी असलेली इमारत.
तिसरा मजला, नाझनीन परकारांचं दार.
महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी
जुम्मा आटोपून रस्ता रिकामा झाला
की आम्ही एकेक करून वर येतो,
लिफ्टमध्ये दोघांच्या वर नाही.

भाभी प्रत्येकाला एकच वाक्य म्हणतात:
"चपला आत घ्या."

अकोटला आई ओरडायची, चपला बाहेर!
इथे बारा जोड दाराशी दिसले
तर शेजारचा मोजेल,
आणि मोजणाऱ्याला पुढचा प्रश्न सुचतोच.
म्हणून न्हाणीघरातल्या कोरड्या टबात
कंपनीचे बूट, नर्सचे पांढरे,
आणि एक लाल, उंच टाचांचा जोड, माप दहा,
जो इथवर पिशवीतून येतो
आणि इथेच तेवढा चालतो.

कुणी विचारलंच तर भिशी.
आहेही भिशीच. महिना दहा रियाल, हिशेब माझ्याकडे.
वहीत नावं नाहीत, भाज्या आहेत:
अंबाडी, पडवळ, घोसाळं, सुरण.
आपण सुरण का, हे सुरणाला अजून कळलेलं नाही.
कुणी सांगू नका.

उस्मानचाचा बाहेरच्या खोलीत क्रिकेट मोठ्यानं लावून बसतात,
आमचं हसू भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून.
आमचं अर्धं त्यांना कळत नाही,
उरलेल्या अर्ध्याला मान हलवतात.

अंबाडीला भिशी लागली, तिनं बहिणीच्या लग्नाला पाठवली.
मांडवातून फोनवर पन्नास तोंडं विचारत होती, तुझं कधी?
पडवळ आणि घोसाळ्यानं मिळून धुलाईचं मशीन घेतलं.
एवढंच सांगायला पडवळ इतका लाजला
की भाभींनी त्याची दृष्ट काढली.

मला लागली तेव्हा मत्रहच्या बाजारात गेले.
दोन अंगठ्या. सोनार म्हणाला, दोन्ही लेडीज माप?
म्हटलं, एक बहिणीची.
जोव्हलिन शेजारीच उभी. हिंदी तिला तेवढं कळतं.
बंदराच्या कठड्यापर्यंत एक शब्द बोलली नाही.
मग म्हणाली,
तुझ्या बहिणीला भूक लागलीय.

या शुक्रवारी नवा पोरगा आला.
वादी कबीरच्या वर्कशॉपमधला, जालन्याकडचा, भागिनाथ.
बूट हातात धरून बराच वेळ उभा.
"इथं काय करतेत?"
सुरण म्हणाला, जेवतो.
"अन् मंग?"
मग भांडी.

दुसऱ्या घावनापर्यंत तो कुणाकडे बघत नव्हता.
मग ताटाकडेच बघत म्हणाला,
"गावात एक व्हता."
कुणी "मग?" म्हटलं नाही.
भाभींनी तिसरं घावन वाढलं, वर रस्सा.
त्यांचा भाऊ कुवेतला होता. एकदाच बोलल्यात त्या,
तेही कांदा चिरताना:
त्याला जेवायला बोलवणारं कुणी नव्हतं.

निघताना पाच-पाच मिनिटांचं अंतर.
भागिनाथ घाईघाईनं, मान खाली घालून गेला.
पुन्हा येईल असं काही वाटलं नाही.
फोन नंबरही दिला नाही त्यानं,
आम्हीही मागत नाही.

रात्री सुरणाचा फोन:
डावा बूट माझा आहे,
उजवा त्या पोराचा. एक नंबर लहान.
दोघांचेही तसलेच काळे, कंपनीचे.
आता काय महिनाभर लंगडू?

लंगड, म्हटलं.
तिकडे तोही लंगडत असेल.

आणि वही काढून
नवी ओळ आखली.
भाजी ठरायची आहे.
रियाल दहा,
येणे.