मालक: दस्तगीर

मंगळवारी रात्री सर्व्हरनं स्वतःहून अपडेट घेतलं
आणि बुधवारी सकाळी दम्मामहून मुनीरचा फोन,
"आपा, घर वाजत नाहीये."

घर म्हणजे एक जुना लॅपटॉप,
स्क्रीन फुटलेला, झाकण दोऱ्यानं बांधलेलं,
मिरजेत, सतारमेकर गल्लीत, आमच्या माळ्यावर,
जिथं पूर्वी भोपळे वाळत असत.
त्यात अब्बांच्या कॅसेटींमधली चौदाशे बारा गाणी.
गाणी म्हणते मी, पण निम्मी गाणी नाहीतच.
गिऱ्हाइकं तंबोरा पारखतात,
कुणी पंचम लावून मागतं, कुणी दर उतरवून,
कुणी चहात साखर कमी सांगतं.

मी पॅथॉलॉजीत कामाला, मला रक्ताचं मशीन कळतं.
हेही तसलंच, असं धरून चालले:
बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा.
हिरवा दिवा आला. यादी आली नाही.

मुनीर म्हणाला, प्लगिन बघ,
नव्या अपडेटशी जुनी भांडत असतील.
सात निघाली. एकेक काढत गेले.
सगळ्यांचा आवाज एकाच पट्टीत आणणारं,
मधली शांतता कापून टाकणारं
(हे कुणी बसवलं? मुनीर, तूच),
मुखपृष्ठ शोधणारं, ज्यानं अब्बांच्या कॅसेटींवर
कुठलासा सोनेरी केसांचा गिटारवाला चिकटवला होता.
दर वेळी पुन्हा स्कॅन.
दर वेळी शून्य.

अब्बाही असंच करायचे.
जवारी बोलेना, की दोरा काढायचा,
तसूभर सरकवायचा, तार छेडायची, मान हलवायची,
पुन्हा काढायचा.
अम्मी ताट झाकून ठेवायची.
आम्हाला वाटायचं, मघाशी होतं तेच बरं होतं.
त्यांच्या लेखी फाइल म्हणजे कानस,
लाकडी मुठीची, बोटभर.
घोडीवरून एकदाच फिरवायची.
"घासलेलं हाड परत वाढत नाही."

तिसऱ्या रात्री, ड्यूटीवरून आल्यावर, लॉग उघडला मोबाइलवर.
हजार ओळी, आणि सगळ्या ओळींत एकच रड:
परवानगी नाकारली. परवानगी नाकारली.
शोधत गेले तर गाणी जागच्या जागी,
एकही हललेलं नाही.
सर्व्हर फक्त आता नव्या नावानं चालत होता
आणि फोल्डरवर लिहिलं होतं,
मालक: दस्तगीर.

अब्बांना जाऊन चार वर्षं झाली.
वीजबिलावर अम्मीचं नाव लागलं,
गाळा चुलतभावाकडे गेला,
बँकेनं दाखल्याच्या तीन प्रती घेऊन
पंधरवड्यात खातं मिटवलं.
इथं कुणी दाखला दिलाच नव्हता.
माळ्यावर, त्या एवढ्याशा पंख्याच्या वाऱ्यात,
ते अजून मालक होते
आणि विचारल्याशिवाय कुणाला हात लावू देत नव्हते.
सवयच तशी.

मुनीरनं कमांड पाठवली, एका ओळीची.
मालकी बदल, संपला विषय.
ओळ टाइप केली. एंटरवर बोट नेलं.
खाली कुणीतरी शटर ओढलं.
ओळ पुसली.

दुसरी जुळवायला दीड तास गेला,
दोनदा चुकली, एकदा कनेक्शनच तुटलं.
मालक तोच ठेवला.
बाकीच्यांना नुसती वाचायची मुभा,
लिहायची नाही, पुसायची नाही.

पहाटे आकडा हलला.
सत्तावीस. दोनशे नऊ.
अकराशेच्या आसपास बराच वेळ रेंगाळला,
मी तोवर दूध तापवून आले.
चौदाशे बारा.

दम्माममध्ये अजून रात्रच, पण मुनीर जागा होता.
मेसेज आला: वाजलं.
लगेच दुसरा: आपा, डावीकडून काहीतरी खरवडल्यासारखं येतंय,
नॉइज काढायचं एक प्लगिन आहे, टाकू का?

हेडफोन लावला.
खर्र. मग काहीच नाही. तार. खर्र.
अब्बा बोलत नाहीत.

लिहिलं, काही टाकू नकोस.
कानस आहे ती.