तिसरी खिडकी

बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसलेत, दोन्ही पाय जमिनीवर,
कारण साहेब लोक मांडी घालत नाहीत.
मी दारातून आत येते,
परवानगी मागायला विसरते, पुन्हा बाहेर जाते.
हर्षू फिदीफिदी हसतो. तो पॅनेलचा दुसरा मेंबर,
हातात आंब्याची कोय.

"श्रुतिका मोरेश्वर हेडाऊ?"
हो सर.
"स्वतःबद्दल सांगा."
बाबांनी मला अहो-जाहो केलं की
चार दिवस पाठ केलेलं घशातच बसकण मारतं.

तांडापेठेत रात्रीचे साडेनऊ, भिंतीला हात लावला तर अजून चटका.
कूलर धडधडून राहिला,
त्याच्या वरताण मी ओरडते:
मला समाजकार्य शिकायचंय!
मला वाचनाची आवड आहे! (आहे, पण इतकी नाही.)
माझा कमकुवतपणा म्हणजे मी लवकर चिडते!

"ते नको सांगू," पोळी उलथता उलथता आई.
मंग काय सांगू?
"सांग, का कमकुवतपणा नाई मले."

आणि मी म्हणत असते,
कोणत्याही प्रसंगी मी शांतपणे विचार करते,
तेवढ्यात लाइट जाते.
कूलर गपकन थांबतो, माझं "शांतपणे"
अख्ख्या गल्लीभर जाऊन येतं.
समोरून पराते काकू: "करत जाय वो बाई!"

अंधारात सगळे हसतात, बाबा सोडून.
"हळू बोलजो," ते म्हणतात. "तिथं कूलर नाही आता."
तुम्हाला कसं माहीत?
"ते खोली माहीत आहे मले."

मग सिव्हिल लाइन्समधली ती जुनी इमारत
हळूहळू आमच्या अंधारात उभी राहते.
मागच्या अंगानं तिसरी खिडकी.
नऊ उन्हाळे बाबांनी तिथं कूलर बसवला,
वाळ्याच्या ताट्या बदलल्या, पंपातला गाळ काढला,
स्टुलावर उभं राहून पाइपानं टाकी भरली.
मे-जूनच्या त्याच दिवसांत आत मुलाखती चालत.

"टेबल लांब आहे. काच हाये वरून, हात ठेवले तं ओले ठसे उमटतात.
पाणी विचारतीन, नाही म्हणू नको.
घोट घेता घेता उत्तर सापडते.
एक पोरगा रडला होता."
घेतलं का त्याला?
"काय माहीत. टाकी भरली तोवर."

थोडा वेळ फक्त आईच्या लाटण्याचा आवाज.
मेणबत्ती कुणी शोधत नाही.

"मंग एसी लागला," बाबा म्हणतात.
हे ते पंपाची मोटर जळाली सांगतात त्याच सुरात सांगतात.

मी विचारते, मुलं काय उत्तरं द्यायची?
"उत्तरं नाही ऐकली कधी."
नऊ वर्षांत एकही नाही?
"साहेब लोक खिडकीला पाठ करून बसत. त्याइचे प्रश्न ऐकू येत.
पोरं पार तिकडच्या टोकाले. पोरं बोलली
का सगळं कूलरमध्ये जाये."

म्हणजे या माणसाजवळ
नऊ वर्षांचे प्रश्न आहेत, ओळीनं, पाठ,
आणि एकाचंही उत्तर नाही.

"शेवटी एकच विचारत सगळ्याईले," ते खुर्ची पुढं सरकवतात,
प्लास्टिक फरशीवर करकरतं,
"इथंच काऊन यायचं आहे तुले?"

कागदावर याचं उत्तर सहा ओळींचं आहे, अधोरेखित.
ते मला दिसत नाही, बरंच झालं.
मी हळू आवाजात बोलायला लागते,
चुकते, मागं जाते, पुन्हा धरते.
हर्षूनं कोय चोखणं थांबवलंय.

अर्ध्या वाक्यावर लाइट येते.
कूलर थरथरतो, खोकतो, धडधडायला लागतो.
बाबा उठतात.
एवढ्या उकाड्यात बटण बंद करतात,
परत येऊन बसतात,
पाय जमिनीवर.

"हं. पुढं?"