वर्ताळा

कुंकळ्ळीच्या शाळेत, सातवीच्या वर्गाला
मी एकदा सांगितलं: उद्या येताना
घरातलं काहीही गोल घेऊन या.
आणि एक दोरा.

दुसऱ्या दिवशी बाकांवर बाजार भरला.
पेजेची वाटी, डब्याचं झाकण,
सायकलचं एक अख्खं चाक
(कुणाच्या सायकलचं, ते मी विचारलं नाही),
मूठभर तिरफळं, जी दोऱ्यात मावली नाहीत
पण वर्गभर वास सोडून बसली.
शांबाने पोदेराकडचं काकण आणलं होतं,
सकाळचं, करकरीत.
त्याने परीघ मोजला
आणि व्यासाआधीच अर्धं शेजाऱ्याला दिलं.
त्याच्या वहीत उत्तराच्या जागी चुरा होता.

चिताऱ्यांच्या गुरुदासने पाळण्याचा गोंडा आणला,
कुड्याच्या लाकडाचा, लाखेने तांबडा-पिवळा.
परिघाला व्यासाने भागलं:
तीन पूर्णांक चौदा शतांश.
मी ते फळ्यावर लिहिलं, भोवती चौकट काढली.

मग बेतूलची रुक्मा खार्वी उभी राहिली.
हातात आईची बांगडी, पितळेची.
मासळीची पाटी घसरून हातावर आली
तेव्हा चेपलेली.
"बाई, हिला कितीतरी व्यास आहेत.
खंयचो धरूं?"

वर्ग हसला.
मी म्हटलं, उद्या दुसरी आण.

तिने दुसरी आणली नाही.
असेल कुठून?
मीही पुढचा धडा घेतला.

निवृत्तीनंतर एकदा, नातीच्या पाळण्यासाठी
गुरुदासच्या आजोबांकडे गेले.
चरक फिरत होता, लाख तापून लाकडावर चढत होती,
केवड्याच्या पानाने ते तिला चकाकी देत होते.
भुश्यात बसून मी म्हटलं,
तुमचा तो गोंडा! चाळीस पोरांत एकटाच बरोबर आला.

म्हातारा चरक थांबवून हसला.
"बाई, तो ओल्या लाकडाचा होता.
ओलं कातलं की आज गोल, चवथीपर्यंत लांबट.
कड्यांच्या अंगाने जास्त आकसतं,
गाभ्याच्या अंगाने कमी.
झाड उभं होतं तसं आठवत बसतं ते.
पोर म्हणालं, शाळेत मोजणार आहेत,
म्हणून आदल्या रात्री पुन्हा कातून दिला."

छपराच्या वाशात एक कातीण जाळं कातत होती.
तिला कुणी पुन्हा करायला सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी बेतूलच्या वाळूत उतरले.
ओहोटीच्या ओल्या पट्टीवर
बारीक खेकड्यांनी गोळ्या वळून ठेवल्या होत्या,
हजारो, बिळाभोवती किरणांसारख्या.
एक उचलली. बोटात फुटली.
इतकी गोल होती की
मोजायला हात लावणं म्हणजेच चूक होती.
मागून भरती येतच होती.

परवा कुंकळ्ळीच्या बाजारात
रुक्माने मला ओळखलं, मी तिला नंतर.
सहा बांगडे मोजले,
वर एक लहानसा टाकला.
"वर्ताळा, बाई."

आणि मला हसू आलं, कारण
इतकी वर्षं फळ्यावर तीन लिहून
पुढचं जे कधी संपत नव्हतं,
दशांश चिन्हानंतर ओघळत राहायचं,
त्याला नाव सापडलं नव्हतं मला.
तीन, आणि वर्ताळा.
जो मागितला नसतानाही द्यावा लागतो
असा कुठल्याही गोलाचा.

पैसे देताना तिच्या मनगटाकडे पाहिलं.
तीच. पितळ काळवंडलेलं,
चेपलेली बाजू हाडाशी बसलेली.

म्हटलं, रुक्मा, देतेस का जरा?
दोरा आहे माझ्या पिशवीत.

तिने हात पुढे केला, खवल्यांनी चमकणारा,
बांगडी एकदा ओढून दाखवली.
"आता निघत नाही, बाई," म्हणाली,
"हातासकट मोजा."