मोटर भरताना

ऐरोलीच्या पाच सोसायट्यांनी
वर्गणीतून उरलेले अडतीस हजार पाचशे दिले,
दिघ्याच्या महिला मंडळानं
समाजमंदिरातली वरची खोली दिली,
आणि मला दिला एक फॉर्म. भरा म्हणाले.
मी आयुष्यभर मोटरी भरल्या.
पहिलाच रकाना : प्रशिक्षकाचे शिक्षण.
लिहिलं, सातवी.
मग खाली, जागा नव्हती तरी,
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
तेवीस वर्षं वाइंडिंग.

नऊ मुलं. त्यात दोन मुली.
जळकी मोटर उघडली की आधी वास येतो
करपलेल्या व्हार्निशचा.
तेजल केणीनं नाक दाबलं, मग हात काढला,
म्हणाली, बोटीचा डायनामो गेला तेव्हा
आमच्या घरात असाच वास होता चार दिवस.
पहिल्या दिवशी तेवढंच झालं.

मग तांबं. जाड केसाएवढं.
गुंडाळताना मोजायचं, मोठ्यानं,
आणि कुणाचा फोन वाजला
की पुन्हा एकपासून.
आफताब हिंदीत मोजायचा, मल्लेश कानडीत.
खालून बालवाडीच्या बाई वर आल्या,
वाटलं भांडायला.
म्हणाल्या, माझी पोरं वीसवर थांबायची,
आता एकशे अठरापर्यंत जातात,
पुढचं जरा हळू म्हणा.

मल्लेश तिसऱ्या आठवड्यात गेला.
रबाळ्याला गोदामात, रात्रपाळी, रोख पैसे.
त्याची मोटर तशीच,
दोन खाचांत तांबं, बाकीच्या उघड्या.
तेजल म्हणाली, मी पुरी करते.
मी नको म्हटलं.
का म्हटलं, ते तेव्हा मलाही कळलं नाही.

फॉर्मात रकाना आहे : गळती.
तिथं एक लिहायचं, बस.
आमचा कारखाना बंद झाला
तेव्हा आम्ही दोनशे दहा जण
कुठल्या रकान्यात गेलो कुणास ठाऊक.
आता तिथं काचेची इमारत आहे.
तिच्या पंपाची मोटर गेल्या महिन्यात जळली,
फिरत फिरत आमच्याच खोलीत आली.
आफताबनं भरली.
इमारतीला ते माहीत नाही.

जळकं तांबं भंगारात घातलं,
अकराशे साठ आले.
मंजुरीत असलं काही नव्हतं.
खजिनदार सबनीस म्हणाले, जमेला दाखवा.
दाखवले.
खर्चाला लिहिलं : चिकटपट्टी, बांबूच्या पाचरी,
मेगरची दुरुस्ती,
कुलूप एक.
त्यांनी चष्मा वर केला. कुलूप कशाला?
म्हटलं, कपाटात एक अर्धी मोटर आहे,
कुणी हात लावू नये म्हणून.
फेरे किती झाले ते त्यानं
तारेच्या टोकाला चिठ्ठी बांधून लिहून ठेवलंय,
कानडी आकड्यांत.

मला नाही येत वाचता.